दोनशे सतरा नंबरचं दूध

राग आला की निसार शिकलगार आधी चष्मा पुसतो. त्या सोमवारी सकाळी सात वाजता त्यानं तो तीनदा पुसला आणि तरी राग जागचा हलेना. फोनवर एक बाई त्याला झोडपत होती आणि तिचा आवाज असा, की स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या नजीराला, म्हणजे त्याच्या बायकोला, शब्द न् शब्द ऐकू जात होता.

“ए मशीनवाल्या! तुझ्या मशीनीचं डोळं फुटलं का काय? आज परत माझ्या दुधात पाणी दाखवलंय त्यानं! बादलीतनं कॅनात, कॅनातनं मशीनीत, ऊन ऊन दूध, हाताला चटकतंय अजून. त्यात पाणी घालू कवा मी?”

“मावशी, मशीन खोटं बोलत न्हाय.”

“मग मी बोलते व्हय रं?”

आणि फोन आपटल्याचा आवाज. हल्लीच्या फोनात आपटायची सोय नसते, पण ह्या बाईनं ती कुठून तरी काढली होती.

बाईंचं नाव चिमणाबाई खोत. गाव करंजवाडी, कोल्हापूरहून जाताना मलकापूरच्या थोडं अलीकडे. तिथल्या दूध संस्थेच्या त्या दोनशे सतरा नंबरच्या सभासद. संस्थेत दूध तपासायचं जे मशीन आहे, त्याच्या आतला प्रोग्राम निसारनं अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला. मशीनच्या पोटावर एक स्टिकर आहे, ‘अडचण आल्यास संपर्क साधा’, आणि त्याखाली निसारचा मोबाइल नंबर. ही कल्पना कंपनीचे मालक विश्वजितसाहेब यांची. त्यांनी स्वतःचा नंबर का छापला नाही, हे विचारायचं निसार अकरा वर्षं ठरवतोय.

आता महिनाभर झालं काय होतं, की चिमणाबाईचं दूध मशीनमध्ये गेलं की पडद्यावर ‘पाणी’ येई. कधी तीस टक्के, कधी एक्केचाळीस. दूध परत. चिठ्ठीवर ‘पाणी’, आणि तीच यादी बाहेर फळ्यावर. शाळेला जाणारी पोरं तिला पाणीवाली म्हणायला लागली होती. नवरा, जोतीराम, वारल्यापासून दोन म्हशींवर घर चालवलेली बाई ही, आणि तिला पाणीवाली! बरं, गंमत अशी की ज्या दिवशी तिला यायला उशीर होई, त्या दिवशी दूध बिनबोभाट पास. गावानं त्याचाही अर्थ लावला होता. बाईला गडबड असली की पाणी घालायला वेळ मिळत नाही, म्हणाले. एकदा तिनं भांडून सगळ्यांसमोर नऊ वाजता पुन्हा तपासायला लावलं. तेही पास. बघा, म्हणाले, लोकांच्या डोळ्यांदेखत तिला पाणी घालता आलं नाही. आता अशा लोकांपुढं देवानं जरी साक्ष दिली असती, तरी त्याच्या दुधाची तपासणी झाली असती.

येत्या रविवारी संस्थेची वार्षिक सभा होती. विषय क्रमांक सहा: भेसळ करणाऱ्या सभासदाचं नाव कमी करणे.

निसारला बाईचं वाईट वाटलं असं कुणी समजू नये. त्याला राग आला होता. अकरा वर्षांत आपला प्रोग्राम एकदा चुकला नाही हे तो नव्या ओळखीच्या माणसालाही दुसऱ्या वाक्यात सांगतो. त्यानं तडक संस्थेचे चेअरमन हंबीरराव यांना फोन लावला.

“चेअरमनसाहेब, त्या बाईच्या दुधात पाणी हाय. मी सिद्ध करून देतो.”

“द्या की!” हंबीरराव खूश झाले. “मशीनीच्या पोटात त्या टायमाला काय चाललंतं, ते कागदावर, मराठीत, आमच्यासारख्याला वाचता येईल असं छापून आणा. सभेत वाचून दाखवतो. म्हंजे आमच्यावर आळ न्हाय.”

“एवढंच ना? अर्ध्या तासाचं काम.”

हे वाक्य निसारनं म्हटलं तेव्हा सोमवारचे साडेसात वाजले होते. लक्षात असू द्या.

प्रोग्राम चालू असताना त्याच्या पोटात डोकवायचं एक हत्यार असतं. डीबगर म्हणतात त्याला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचा उंदीर चालत नाही, बटणं नाहीत. आपण एकेक आज्ञा टाइप करायची. ‘प्रिंट’ म्हणून हवी ती गोष्ट सांगितली की तो ती छापून दाखवतो. मशीननं चिमणाबाईचं दूध नाकारलं त्या क्षणाची नक्कल मिळाली की झालं. एक आज्ञा, एक कागद, बाई गप्प.

नक्कल मात्र मिळेना. मशीन संस्थेचं, म्हणजे त्याच्या पोटातलंही संस्थेचं, असं हंबीररावांच्या लक्षात आलं. मग ठराव पाहिजे. ठरावाला सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे. अनुमोदक मंगळवारी चंदगडला पावण्यांकडं गेलेला, तो बुधवारी आला. बुधवारी दुपारी अखेर पेन ड्राइव्ह निघाला. कसा निघाला? नेटवरून पाठवायला निसारनं सांगितलं होतं, पण हंबीररावांचा नेटवर विश्वास नाही, एसटीवर आहे. पेन ड्राइव्ह ठरावाच्या प्रतीत गुंडाळून, वर दोरा बांधून, मलकापूर-कोल्हापूर गाडीच्या ड्रायव्हरकडं दिला. निसार स्टँडवर दीड तास उभा. ड्रायव्हर म्हणाला, “सही करा.” कशावर, तर ठरावाच्या मागच्या बाजूला. सही केली. तो कागद ड्रायव्हरनं परत नेला.

संध्याकाळी निसारनं डीबगर उघडला, सभासद दोनशे सतराची नोंद मागितली, आणि पडद्यावर आलं ते असं:

नाव = "\340\244\232\340\244\277\340\244\256…

आणि असंच पुढं दोन ओळी. चिमणाबाई खोत हे नाव त्या खुळ्या यंत्रानं आकड्यांत छापलं होतं. मराठी अक्षर दिसलं की त्याला अक्षर म्हणून ओळखच पटत नव्हती. शेवटी एक शून्य आणि त्यापुढं ‘पंधरा वेळा तेच’ असा शेरा. मग फॅट, मग घनता, मग तापमान, मग पाणी, सगळं एका दावणीला, ना मोकळी जागा ना शेंडाबुडखा.

“हे सभेत वाचणार हंबीरराव?” नजीरा मागून म्हणाली. ती शाळेत मराठी शिकवते आणि चूक दिसली की तिचा हात आपोआप लाल पेनाकडं जातो.

“थांब की जरा! अजून छापलं कुठंय!”

“ओरडताय कशाला? मी का छापलंय ते?”

डीबगरला नीट छापायला शिकवता येतं. आपण एक छोटी फाईल लिहायची: बाबा रे, दुधाची नोंद दिसली की ती अशी अशी दाखव, नाव आधी, फॅट मग, वगैरे. निसारनं गुरुवारी ऑफिसात बसून ती लिहिली. झोकात लिहिली. चालवायला गेला, तर डीबगर म्हणतो, ही फाईल मी उघडणार नाही. का? तर ती विश्वासू यादीतल्या जागेवर ठेवलेली नाही. यादीत घालायची तर दुसऱ्या एका फाईलमध्ये तशी ओळ लिहा. ती दुसरी फाईल कुठं असते? तर ती तुमची तुम्ही बनवायची. म्हणजे निसारनं निसारचीच परवानगी निसारला देणारा कागद निसारच्या सहीनं लिहायचा, तेव्हा ह्या दीडशहाण्याला निसारवर विश्वास बसणार. तहसीलदार कचेरीत निदान समोर माणूस तरी असतो, त्याच्याकडं बघून दात ओठ खाता येतात. इथं काळा पडदा. निसारनं टेबलावर अशी मूठ आपटली की पलीकडच्या टेबलावरचा चहा सांडला.

अखेर फाईल चालली. पडद्यावर ‘चिमणाबाई’ हे नाव मराठीत उमटलं का? नाही. निसारनं सगळे सभासद एकदम मागवले होते. डीबगरनं दोनशे सभासद व्यवस्थित छापले आणि पुढं तीन टिंबं दिली. दोनशेच्या वर मी मोजत नाही, असा त्याचा नियम. एवढी मोठी संस्था, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ती बाई नेमकी तीन टिंबांत! ती मर्यादा उठवायची आज्ञा शोधण्यात दुपार गेली.

दुपारी चिमणाबाईचा फोन आलाच. “काय रं, निघालं का पाणी?”

“मावशी, काम चालू हाय.”

“चार दिस? म्हस व्याली असती एवढ्यात! ऊन दूध घेऊन येते मी, फेस बसल्याला नसतोय अजून, आणि तुमी…”

“मावशी, तक्रार ऑफिसला लेखी द्या,” निसार म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मग चष्मा पुसला.

गुरुवारी संध्याकाळी पहिला सुबक कागद निघाला आणि निसारनं आयुष्यातली मोठी चूक केली. तो चारचौघांना दाखवला.

शेजारी विजयसिंहकाका राहतात. जिल्हा परिषदेतून निवृत्त. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि मान हलवली. “शिकलगार, ह्याला प्रति कुठाय? विषय? संदर्भ? उजव्या कोपऱ्यात दिनांक, खाली जावक क्रमांक. असा उघडाबोडका कागद मी चाळीस वर्षांत पुढं सरकू दिलेला नाही.”

“काका, हा अर्ज नाही. हे मशीनच्या पोटातलं आहे.”

“पोटातलं असलं तरी शिस्त नको?”

आणि काकांनी सोडलं नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी नमुना स्वतः लिहून आणून दिला, कार्बन लावून, दोन प्रतीत. विश्वजितसाहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “निसारभाई, वर कंपनीचं नाव पाहिजे, दोन्ही बाजूंनी फुल्यांची वेलबुट्टी. ब्रँडिंग असतं ते.” हंबीररावांनी फोनवर सांगितलं की संस्थेचं नाव मोठ्या अक्षरात, त्याखाली संस्थापकांचं, त्याखाली त्यांचं, आणि सभासदाचं नाव संपूर्ण घाला, ‘श्रीमती’ लावून. “काढून टाकायची असली तरी मानानं काढू की,” असं म्हणाले. नजीरानं फक्त एवढंच म्हटलं की रकाने सरळ रेषेत नाहीत. तेवढंच म्हटलं, पण दर दहा मिनिटांनी म्हटलं.

निसार दातओठ खात एकेक गोष्ट त्या फाईलमध्ये घालत गेला. अर्ध्या तासाच्या कामाला पाचवा दिवस लागला होता. डीबगर आता ‘प्रिंट’ म्हटलं की आधी फुल्या टाकी, मग कंपनी, मग संस्था, मग संस्थापक, मग हंबीरराव, मग जावक क्रमांक, मग महोदय, आणि सगळ्यात खाली दूध. आणि एवढं होऊन ती दुधाची ओळच कागदात मावेना. ‘श्रीमती चिमणाबाई जोतीराम खोत’ इतकं लांब झालं की शेवटचा रकाना घसरून खालच्या ओळीवर, अगदी मधोमध, एकटाच जाऊन बसे. विद्रूप दिसत होतं ते.

“काय तरी एक काढा की,” नजीरा म्हणाली.

निसारनं रकाने बघितले. फॅट काढता येत नाही. घनता काढता येत नाही. पाणी तर मुळीच काढता येत नाही. राहिलं तापमान. दुधाचं तापमान सभेत कोण विचारतंय! त्यानं ते काढलं. ओळ एका ओळीत बसली. रकाने सरळ झाले. नजीरानं लाल पेन खाली ठेवलं, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा निसारला चष्मा पुसावासा वाटला नाही.

शनिवारी दुपारी कागद हंबीररावांना फोटो काढून पाठवला; फोटोही नेटवरूनच येतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं उत्तर आलं, ‘एक नंबर.’ विश्वजितसाहेबांचं आलं, ‘फुल्या थोड्या वाढवा.’ पाठोपाठ चिमणाबाईचा फोन. आज आवाज चढलेला नव्हता, आणि तेच निसारला नको वाटलं.

“उद्या सभा हाय. मला बोलू देणार न्हाईत. तू येणार हाईस व्हय?”

“येणार की.”

“तू लिहिलंयस म्हणं त्या मशीनीतलं. मग मला एक सांग. आदी संस्था वढ्यापलीकडं हुती. अर्धा तास कॅन डोक्यावर घेऊन जात हुते मी. तवा एक दिस पाणी न्हाय निघालं. आता संस्था माझ्या गोठ्याच्या भिंतीला येऊन बसली, तर रोज पाणी. मी तीच, म्हशी त्याच. पाणी काय भिंतीतनं येतंय?”

निसार म्हणाला, “मावशी, ते मशीनला माहीत.” आणि फोन ठेवून घराबाहेर पडला, कारण घरात बसवेना.

कोल्हापूरच्या माणसाचं डोकं फिरलं की तो गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो. म्हशी रांगेनं उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो, ग्लास भरून हातात देतो. मध्ये पातेलं नाही, चूल नाही. निसार तीस वर्षं तिथं जातोय. त्यानं ग्लास घेतला आणि गवळ्यापुढंच तोंड सोडलं: लोक कसे, नमुने कसे, फुल्या कशा. गवळी आपला धार काढतोय.

“गरम हाय तवर प्या, पावणं,” तो म्हणाला. “निवलं की मजा न्हाय.”

निसारच्या हातात ग्लास होता. ऊन ऊन. तळव्याला चांगलंच जाणवत होतं. फेस अजून बसला नव्हता.

त्यानं ग्लासकडं बघितलं. गवळ्याकडं बघितलं. म्हशीकडंही बघितलं. मग अर्धा ग्लास तसाच ठेवून तो गाडीकडं असा पळाला की गवळी मागून ओरडला, “ओ, माशी पडलीती का काय?”

घरी येऊन त्यानं डीबगर उघडला. ‘प्रिंट’ म्हटल्यावर फुल्या सुरू झाल्या. “मर जा तिकडं!” निसार पडद्यावर खेकसला. डीबगरला एक आज्ञा अशीही आहे: प्रिंटच्या पुढं तिरकी रेघ आणि एक अक्षर. म्हणजे सगळी सजावट बाजूला ठेव आणि आहे तसं कच्चं दाखव. ती दिली. तोच बुधवारचा गबाळा ढीग समोर आला, आकड्यांतलं नाव, पंधरा वेळा शून्य, आणि मधोमध, जिथं तेव्हासुद्धा होतं तिथंच: तापमान, सदतीस.

ऊन दुधाची घनता कमी भरते, म्हणून प्रोग्राममध्ये तापमानाप्रमाणे दुरुस्ती करायचा एक तक्ता होता. निसारनं तो उघडला. वीस अंशांपासून पस्तीसपर्यंत. पस्तीसच्या पुढं काहीच नाही. सदतीस आलं की प्रोग्राम तक्त्याच्या बाहेर जाऊन, शेजारी जे काय पडलेलं असेल ते उचलत होता आणि त्याला दुरुस्ती समजत होता. वर अकरा वर्षांपूर्वीची निसारचीच टीप होती: ‘यापेक्षा गरम दूध संस्थेत पोचणे शक्य नाही.’

शक्य नाही! अख्खं कोल्हापूर रोज संध्याकाळी पितंय! सगळ्या करंजवाडीत सगळ्यात ताजं दूध त्या बाईचं होतं, आणि म्हणूनच ते रोज परत जात होतं. ती सोमवारपासून फोनवर सांगत होती. ऊन ऊन, म्हणत होती, हाताला चटकतंय. फोन करून करून त्याच्या कानात तापमान सांगत होती, आणि हा शहाणा रकाने सरळ करत बसला होता.

नजीरानं पाणी आणून ठेवलं. “कुणावर चिडलाय एवढं?”

“माझ्यावर,” निसार म्हणाला. अख्ख्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा काहीतरी हळू आवाजात सांगितलं.

विश्वजितसाहेबांना कळवलं तर त्यांनी आधी, आणखी कुणाला सांगितलंय का, ते विचारलं. मग म्हणाले, “निसारभाई, ‘चूक’ म्हणायचं नाही. ‘तांत्रिक अडचण’ म्हणायचं. अडतीस गावांत आपली मशीनं आहेत.” हंबीररावांनी तर मार्गच काढून ठेवला. “विजेचा दाब कमी-जास्त झाला म्हणा. बाईचं नाव कमी करायचं ते पुढच्या वर्षीवर ढकलू.”

“ढकलू?” निसार ओरडला. “तिनं काय केलंय म्हणून ढकलायचं?”

“आवाज खाली. मी चेअरमन हाय.”

“मग उद्या सभेतच बोलू की!”

रविवारी सकाळी संस्थेच्या नव्या हॉलमध्ये दोनशे माणूस. पलीकडं भिंतीला लागून गोठा, म्हशीचं रेकणं आत ऐकू येत होतं. चिमणाबाई दारापाशी उभी होती. लहानखुरी बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. फोनवरच्या आवाजावरून निसारनं दुप्पट उंचीची बाई धरली होती.

निसार उठला आणि म्हणाला, विषय सहा आधी घ्या. हंबीरराव म्हणाले, क्रमानं घेऊ. निसार म्हणाला, घ्या म्हणतोय न्हवं! मग जो गोंधळ झाला त्यात कुणी कुणाला काय म्हटलं ते इतिवृत्तात नाही. शेवटी ठरलं असं: चिमणाबाईनं आत्ता, सगळ्यांसमोर, गोठ्यात धार काढायची. बायाबापड्या, म्हातारे, सगळे गोठ्याच्या दारात जमले. बाईनं आधी हंबीररावांच्या हातात बादली दिली. “बघा. कोरडी हाय का? आत हात घाला की, लाजताय कशाला!” धार काढली, कॅनात ओतली, भिंतीला वळसा घालून मशीनमध्ये. दोन मिनिटं नाहीत झाली.

मशीन म्हणालं, पाणी, अडतीस टक्के.

हंबीररावांनी बादलीत घातलेला हात परत बघितला, तर तो कोरडाच होता.

“आता ह्या कॅनाला कुणी हात लावायचा न्हाय,” निसार म्हणाला. “तासाभरानं परत तपासू. चेअरमनसाहेब, तुमचा कुणावर विश्वास हाय?”

“माझ्यावर,” हंबीरराव म्हणाले, आणि झाकण घट्ट लावून स्वतः कॅनवर बसले. कॅनवर बसूनच त्यांनी मागील सभेचं इतिवृत्त कायम केलं, अहवाल वाचला, श्रद्धांजली वाहिली. श्रद्धांजलीला मात्र उभं राहावं लागलं, तेव्हा त्यांनी एक पाय कॅनवर ठेवला.

तासानं तेच दूध मशीनमध्ये घातलं. तापमान एकतीस. पाणी, नाही.

मग निसारनं खिशातनं कागद काढला. सकाळी घरून निघण्याआधी त्यानं डीबगरच्या फाईलमधली फुल्यांपासून महोदयपर्यंतची प्रत्येक ओळ खोडली होती आणि एकच ओळ छापायला शिकवली होती. ती त्यानं मोठ्यानं वाचली: “सभासद दोनशे सतरा, चिमणाबाई खोत. तापमान सदतीस. दुधात पाणी नाही. चूक प्रोग्रामची. लिहिणारा, निसार शिकलगार.”

विश्वजितसाहेबांचा फोन त्याच्या खिशात थरथरत होता. त्यानं उचलला नाही.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. लोक एकमेकांकडं बघत होते, कारण पाणीवाली कोण कोण म्हणालं होतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. चिमणाबाई पुढं आली आणि तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. चिठ्ठ्या. प्रत्येकीवर ‘पाणी’.

“तेवीस हाईत,” ती म्हणाली. “मशीननं छापल्यात. गावभर झालं. आता तू हितं एक वळ वाचलीस, हॉलमधल्यांनी ऐकलं. जे आलं न्हाईत त्यांचं काय?”

“मावशी, फळ्यावर लिहितो.”

“फळा पुसतोय कुणी बी. ह्याच मशीननं छाप. माझ्या चिठ्ठीवर नको, मला ठावं हाय. सगळ्यांच्या छाप. दोनशे चाळीस जणांच्या, रोज. तेवीस दिवस.”

हंबीरराव म्हणाले, ह्याला ठराव लागेल. निसार म्हणाला, मी सूचक. आणि अनुमोदक म्हणून, चंदगडहून परत आलेला तोच गृहस्थ, मान खाली घालून उठला.

सोमवारपासून करंजवाडीत प्रत्येक चिठ्ठीच्या खाली, फॅट आणि घनतेनंतर, एक ओळ येऊ लागली: ‘चिमणाबाई खोत यांच्या दुधात पाणी नव्हते.’ विश्वजितसाहेबांनी निसारशी बोलणं बंद केलं आणि अडतीस गावांतला तक्ता दुरुस्त करायला त्यालाच पाठवलं. तो प्रत्येक गावात शिव्या खाऊन आला आणि त्याला वाटलं, आता मिटलं. तेवीस दिवस भरले. चोविसाव्या दिवशी पहाटे त्यानं ती ओळ बंद केली.

सात वाजता फोन.

“आज वळ न्हाय आली कागदावर.”

“मावशी, तेवीस दिवस झाले की काल.”

पलीकडं गोठ्यातल्या म्हशीचा आवाज आला, बादली ठेवल्याचा आला.

“बरोबर मोजलास,” ती म्हणाली. “चिठ्ठीचं दिवस तेवीसच. काल सांजंला वढ्याकडनं येताना एक पोर म्हणालं, ती बघ पाणीवाली. पाच-सहा वर्षाचं आसंल. त्याला वाचायला येत न्हाय अजून.”

फोन ठेवल्याचा आवाज आला, ह्या वेळी न आपटता.

निसार तसाच बसला. चष्मा हातात होता, पण पुसला नाही. नजीरानं चहा ठेवला आणि विचारलं, काय म्हणाली?

“काय न्हाय,” तो म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून ती ओळ परत चालू केली. किती दिवस, ह्या रकान्यात त्यानं आकडा घातला नाही.